आकड्यांवरून जागा शोधण्याचा खेळ



घरकुलाच्या पायाचा फोटो काढायला माणूस येतो, तेव्हा तो काय करतो हे तुम्ही पाहिलं असेल. मोबाईल धरून जरा वेळ उभा राहतो. "थांबा, लोकेशन येऊ द्या," म्हणतो. मग फोटो काढतो. त्या फोटोबरोबर दोन आकडे साठवले जातात. कार्यालयात बसलेल्या साहेबांना त्या आकड्यांवरून कळतं, की पाया नेमका कोणत्या जागेवर खणला आहे. याला 'जिओ टॅग' म्हणतात हे आता आपल्यातल्या सगळ्यांनाच माहीत झालंय.

आज आपण याच दोन आकड्यांवर खेळल्या जाणाऱ्या एका खेळाची माहिती घेणार आहोत. त्याचं नाव जिओकॅशिंग. 'जिओ' म्हणजे पृथ्वी आणि 'कॅश' म्हणजे लपवून ठेवलेला साठा. नाव ऐकून आमच्या एक काकी म्हणाल्या, "कॅश आहे तर बँकेत भरायची का?" तर ही ती रोख रकमेची कॅश नव्हे. या खेळात सापडतो तो एक साधा डबा, आणि डब्यात असते वही.

हा खेळ आम्हाला कळला मुंबईत. प्रदर्शनात आमच्या गटाच्या मसाल्यांचा आणि पापड-कुरडयांचा स्टॉल होता, तेव्हा. त्या दिवसात काय घडलं आणि त्यातून आपल्या कामाचं काय मिळालं, ते सांगतो. आधी खेळ समजून घेऊ.

डबा, वही आणि पेन्सिल

आकाशात अमेरिकेने सोडलेले उपग्रह आहेत. त्यांच्या मदतीनं जमिनीवरची जागा सांगणाऱ्या व्यवस्थेला जीपीएस म्हणतात. ही व्यवस्था मुळात लष्करासाठी होती. सामान्य माणसाला तिचे संदेश मिळायचे, पण त्यात मुद्दाम चूक मिसळलेली असायची. जागा शंभर मीटरनं इकडेतिकडे दिसायची. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकन सरकारनं ही मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. एका रात्रीत सामान्य माणसाचं यंत्रही दहा-वीस मीटरच्या आत जागा दाखवू लागलं.

अमेरिकेत ओरेगन नावाचं राज्य आहे. तिथल्या डेव्ह उल्मर यांनी लगेच, ३ मे २००० ला, रानात एक बादली ठेवली. त्यात वही, पेन्सिल, काही पुस्तकं, एक गलोल असं किरकोळ सामान होतं. जागेचे दोन आकडे त्यांनी लोकांना कळवले आणि सांगितलं, शोधा. सापडल्यावर एक वस्तू घ्या, एक ठेवा, आणि वहीत लिहा. थोड्याच दिवसांत लोकांनी ती बादली शोधून काढली. त्यातून हा छंद सुरू झाला. आज जगभरात असे तीस लाखांहून जास्त डबे लपवलेले आहेत.

नियम सोपे आहेत. डबा सापडला की वहीत नाव आणि तारीख लिहायची. आतली वस्तू घ्यायची असेल तर तेवढ्याच मोलाची किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवायची. डबा होता तसाच, होता तिथेच ठेवायचा. खाण्याची वस्तू, दारू, हत्यार आत ठेवायचं नाही. जागा ज्याच्या मालकीची असेल त्याची परवानगी घ्यायची. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवं. शोध किती अवघड आणि वाट किती कठीण, याला एक ते पाच गुण दिलेले असतात. त्यामुळे गुडघेदुखीवाल्या मावशींनी कोणता डबा शोधायचा आणि नववीतल्या पोरांनी कोणता, हे आधीच कळतं.

नवा डबा ठेवला की तो लगेच यादीत येत नाही. हौसेनं काम करणारे जुने खेळाडू तो नियमात बसतो का हे आधी तपासतात. या मंडळींची आणखी एक चांगली रीत आहे. शोधाला जाताना रिकामी पिशवी न्यायची आणि येताना वाटेतला कचरा भरून आणायचा. वर्षातून काही वेळा तर सगळे मिळून फक्त सफाईसाठी जमतात. आपल्या ग्रामस्वच्छतेसारखंच म्हणा ना.

दोन आकड्यांत गाव कसं मावतं

आता आकड्यांकडे येऊ. शाळेत भूगोलात अक्षांश-रेखांश शिकवले होते. परीक्षा झाली आणि आपण ते विसरलो. पण ते आपल्या हातातल्या मोबाईलमध्ये रोज चालू असतात.

पहिला आकडा अक्षांश. विषुववृत्तापासून आपण उत्तरेला किती वर आहोत, ते तो सांगतो. दुसरा रेखांश. इंग्लंडमधल्या ग्रीनिचपासून आपण पूर्वेला किती दूर, ते तो सांगतो. महाराष्ट्रात कुठेही उभ्या राहा, पहिला आकडा साधारण १५ ते २२ च्या मध्ये असेल आणि दुसरा ७२ ते ८१ च्या मध्ये. आकडे उलटे लिहिले गेले की याच खुणेवरून चूक पकडता येते.

गंमत सांगतो. १९ अंशाची रेषा मुंबईत करी रोड आणि परळ या दोन स्टेशनांच्या मधून जाते. म्हणजे लालबाग तिच्या जरा खाली आणि परळचं केईएम रुग्णालय जरा वर. हीच रेषा पूर्वेकडे सरळ नेली तर ती बीड शहराला लागून जाते. लालबागची बाई आणि बीडची बाई एकाच ओळीत उभ्या आहेत, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. मोबाईलमध्ये टिंबानंतर बरेच आकडे दिसतात. टिंबानंतरचा चौथा आकडा एकानं बदलला तर जागा ११ मीटर सरकते, म्हणजे घर बदलतं. पाचवा बदलला तर एकच मीटर, म्हणजे दारातून ओट्यावर. म्हणून आकडे लिहून घेताना टिंबानंतर किमान पाच तरी लिहावेत. "शेवटचे काय करायचेत" म्हणून सोडले, की आपण शेजारणीच्या दारात.

मोबाईलला हे कळतं कसं? प्रत्येक उपग्रह आपण कुठे आहोत आणि आत्ता किती वाजलेत, हे सतत सांगत असतो. तो संदेश पोचायला लागलेल्या वेळेवरून मोबाईल अंतर मोजतो. चार उपग्रहांचे संदेश मिळाले की जागा पक्की होते. हे उपग्रह वीस हजार किलोमीटरहून उंच आहेत. त्यांचे संदेश फुकट येतात, त्याला नेट लागत नाही, रिचार्ज लागत नाही. नेट लागतं ते नकाशाचं चित्र उतरवायला. घरून निघण्याआधी नकाशा मोबाईलमध्ये उतरवून ठेवला, तर रेंज नसलेल्या घाटातही आपण कुठे आहोत ते दिसतं. ही एक गोष्ट आजच्या बोलण्यातून घेऊन गेलात तरी पुष्कळ झालं.

मुंबईत डबा ठेवायचा कुठे?

आता मुंबईची गोष्ट. आम्ही नऊ जणी. प्रदर्शन दादरच्या एका सभागृहात होतं. याआधीही आम्ही दोनदा प्रदर्शनासाठी मुंबईला आलो होतो. दोन्ही वेळा स्टेशन आणि सभागृह यापलीकडे काही पाहिलं नाही. चहाला बाहेर जायचं तरी दोघी-तिघी मिळून, तेही दिसेल एवढ्याच अंतरावर. चुकलो तर काय, ही भीती. घरच्यांनीही निघताना तेच बजावलेलं असतं, "हॉल सोडून कुठे जाऊ नका."

या वेळी शेवटचा दिवस मोकळा होता. माल संपला होता आणि परतीची गाडी रात्रीची होती. गटातल्या एका ताईंची भाची लालबागला राहते, कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "मावश्यांनो, मी तुमच्यासाठी एक खेळ तयार करते. चार जागांचे आकडे देते, प्रत्येकाबरोबर एक कोडं देते. तुम्हीच शोधायचं. मी मागून येईन, पण बोलणार नाही."

आम्ही विचारलं, डबा लपवणार का? ती म्हणाली, "मुंबईत डबा नको." याचं कारण मुंबईकराला सांगावं लागत नाही. मार्च १९९३ मध्ये या शहरात बॉम्बस्फोट झाले. जुलै २००६ मध्ये लोकलगाड्यांत झाले. १३ जुलै २०११ ला झवेरी बाजार आणि ऑपेरा हाउसबरोबर दादरलाही झाला. बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा, ही सूचना स्टेशनवर सारखी चालू असते. अशा शहरात कोणी पुलाखाली डबा लपवला, तर सापडल्यावर वहीत नाव लिहायला कोणी येणार नाही, बॉम्बशोधक पथक येईल. लोकांची धावपळ होईल ती वेगळीच.

त्यासाठी या छंदात बिनडब्याचेही प्रकार आहेत. आकड्यांवरून जागेवर पोचायचं आणि तिथली एखादी खूण पाहून प्रश्नाचं उत्तर द्यायचं. दगडावर काय कोरलंय? पाटीवर कोणतं साल आहे? उत्तर बरोबर आलं तर शोध पुरा. मुंबईसारख्या दाटीच्या शहरात हाच प्रकार योग्य. आमचा खेळ याच पद्धतीचा होता.

दादर ते गिरगाव

सकाळी निघतानाच एक प्रसंग घडला. दादरच्या फुलबाजारात आमच्या एक वहिनी मागे राहिल्या. गर्दी अशी, की टोपल्यांशिवाय काही दिसत नव्हतं. फोन लावला तर म्हणाल्या, "मी फुलांपाशी उभी आहे." आता फुलबाजारात फुलांपाशी कोण नाही? समोर काय दिसतं विचारलं तर म्हणाल्या, "झेंडू." त्यांचा आवाज रडवेला झाला होता. आदल्या रात्री भाचीनं आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन पाठवायला शिकवलं होतं. आम्ही सांगितलं, "वहिनी, तिथेच उभ्या राहा, हलू नका. काल शिकलो ते करा." दोन मिनिटांत त्यांचा ठिपका आला. त्या आमच्यापासून शंभर पावलांवर, पुलाच्या पलीकडे होत्या. आणलं त्यांना. नंतर दिवसभर सगळ्यात पुढे त्याच चालत होत्या, मोबाईल हातात धरून.

पहिलं कोडं होतं, "उभा आहे पण चालत नाही, वाट मात्र सगळ्यांना सांगतो." आकडे आम्हाला दादर पूर्वेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर घेऊन गेले. पोचलो तरी काही दिसेना. मोबाईलचा बाण गोल फिरायला लागला. याचं कारण भाचीनं नंतर सांगितलं. उंच इमारतींवर आपटून संदेश येतात, त्यामुळे जागा दहा-वीस मीटर सरकलेली दिसते. जुने खेळाडू म्हणूनच शेवटच्या दहा पावलांना मोबाईल खिशात ठेवतात आणि डोळे वापरतात. आम्ही फुटपाथ न्याहाळत फिरतोय हे पाहून एका भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "काय हरवलंय गं बायांनो?" आम्ही म्हटलं, "हरवलं नाही, शोधतोय." कोडं सांगितलं तर त्या हसल्या आणि बोट दाखवलं. फुटपाथच्या कडेला काळा दगड होता. मैलाचा दगड!

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मुंबईत असे दगड रोवले. फोर्टातलं सेंट थॉमस चर्च हे शून्य धरून तिथून मैल मोजले. हे चर्च १७१८ सालचं. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे वाट जायची तो चर्चगेट, म्हणून स्टेशनचं नाव चर्चगेट. काळबादेवीपासून पुढे परळ, दादरपर्यंत हे दगड होते. दादरच्या दगडावर रोमन पद्धतीनं सहाचा आकडा आहे, म्हणजे चर्चपासून सहा मैल. रस्ते आणि फुटपाथ उंच होत गेले तसे हे दगड गाडले गेले. काही तर नुसतं डोकं बाहेर, अशा स्थितीत होते. माणसं त्यावर बसायची. अलीकडच्या काळात जाणकारांनी ते एकेक करून शोधले आणि महापालिकेनं उकरून, साफ करून पुन्हा उभे केले. आता ते वारसा म्हणून जपले जातात. आमच्यातल्या एकीनं विचारलं, "आपल्या गावच्या वेशीवरचा दगड कुठे गेला गं?" कोणालाच सांगता आलं नाही.

दुसरे आकडे परळचे. "रस्ता खणता खणता देव निघाला," असं कोडं. हे सोपं गेलं, दोन ठिकाणी विचारल्यावर पत्ता लागला. १९३१ साली परळ भागात रस्त्याचं काम चालू असताना एक भली मोठी शिळा सापडली. साधारण साडेतीन मीटर उंच. एकाच दगडात शिवाची सात रूपं, एकातून एक उमललेली. पाचव्या-सहाव्या शतकातलं हे काम असावं, असं अभ्यासक मानतात. आज ती परळच्या बारादेवी मंदिरात आहे. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीही इथे वस्ती होती, कारागीर होते, हे ती शिळा सांगते. आम्ही तर मुंबई म्हणजे सगळी गिरण्यांनंतरची, असंच समजत होतो.

तिथून लालबाग. मसाला गल्लीत आमचे पाय आपोआप थांबले. मिरच्यांचे ढीग, डंकांचा आवाज, समोर उभं राहून आपला मसाला कुटून घेणाऱ्या बायका. आम्ही कोडं विसरून भावच विचारत बसलो. कोणती मिरची रंगाला, कोणती तिखटाला, कुटायचे किलोला किती, सगळं वहीत उतरवून घेतलं. हा खेळाचा भाग नव्हता, पण गटाच्या हिशोबाला तोच उपयोगी पडला.

मावशींची खोली

तिसरे आकडे मात्र भाचीकडे नव्हते. ते आमच्या एका मावशींनी शोधायचे होते.

मावशी साठीच्या पुढच्या. त्यांचे वडील लालबाग-परळच्या गिरणीत होते. मावशी लहान असताना आईबरोबर एकदाच इथे आल्या होत्या. वडील दर महिन्याला मनीऑर्डर पाठवायचे. त्यातल्या एका मनीऑर्डरची चिठ्ठी मावशींनी जपून आणली होती. तिच्यावर पत्ता होता. चाळीचं नाव, तिसरा माळा, खोली नंबर, आणि 'मिलच्या मागच्या गेटासमोर'.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. दत्ता सामंत त्याचे नेते होते. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि हजारो माणसं गावी परतली ती कायमची. मावशींचे वडील त्यातलेच. कोकणात, साताऱ्यात, सांगली-कोल्हापुरात असं घर सापडणार नाही, ज्यातलं कोणी ना कोणी गिरणीत नव्हतं. पुढे गिरण्यांच्या जागी टॉवर आले, मॉल आले. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेवरचा मॉल तर सगळ्यांना माहीत आहे.

मावशींच्या पत्त्यातली गिरणी नकाशावर नव्हती. गेट नव्हतं. चाळीचं नाव टाकलं तर तीन वेगवेगळ्या ठिकाणी तीन चाळी दिसल्या. पहिल्या ठिकाणी गेलो, ती नव्हे. दुसरीकडे काचेची इमारत होती. तिथल्या वॉचमननं आम्हाला हटकलं, "इधर क्या काम है?" मावशी त्याला म्हणाल्या, "माझे वडील इथं कामाला होते." तो काही बोलला नाही. पण कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत एक आजोबा बसतात, त्यांना विचारा, एवढं त्यानं सांगितलं.

आजोबांनी चिठ्ठी वाचली. म्हणाले, "मागचं गेट म्हणजे आता जिथे ते पार्किंग आहे ते. चाळीच्या तीन इमारतींतली एक उरली आहे. तुमची तीच असावी." त्यांनी नातवाला बरोबर पाठवलं. लाकडी जिना, तिसरा माळा, लांब गॅलरी. खोलीत आता दुसरं कुटुंब राहतं. त्या ताईंनी आम्हाला आत बोलावलं, पाणी दिलं. मावशी थोडा वेळ गॅलरीत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "इथून भोंगा ऐकू यायचा. खाली खानावळ होती. बाबा तिथेच जेवायचे."

खानावळीचं नाव निघालं म्हणून सांगतो. एका खोलीत दहा-पंधरा पुरुष राहायचे, पाळीपाळीनं झोपायचे. त्यांना जेवू घालायच्या याच वस्तीतल्या बायका. महिन्याच्या उधारीवर जेवण, आणि किराणा भरायला सावकाराचं कर्ज. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांना एकत्र केलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. गटानं हमी घ्यायची आणि बँकेचं कर्ज मिळवायचं, हे त्यांनी तेव्हा करून दाखवलं. बचत गट हा शब्द आपल्या गावात पोचायच्या कितीतरी आधी.

निघताना मावशींनी भाचीला विचारलं, "या जागेचे आकडे मला काढून दे." नकाशावर त्या जागी बोट दाबून धरलं की लाल खूण उमटते आणि आकडे दिसतात. भाचीनं ते वाचले, मावशींनी स्वतःच्या हातानं मनीऑर्डरच्या चिठ्ठीमागे लिहिले. म्हणाल्या, "आता चाळ पाडली तरी माझ्या नातवाला जागा दाखवता येईल."

चौथे आकडे गिरगावचे. कोडं होतं, "सात जणींनी गच्चीवर लाटलं, देशभर वाटलं." पापड विकणाऱ्या आम्हाला हे ओळखायला कितीसा वेळ? लिज्जत पापड! १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी झाली चार पाकिटं. त्यातून केवढी संस्था झाली ते आपण जाणतोच. गिरगावच्या गल्लीत उभ्या राहून आम्ही आमच्या स्टॉलचा हिशोब पुन्हा एकदा केला आणि मग गाडी गाठली.

लोकेशन कोणाला द्यायचं?

गावी आल्यावर बैठकीत हा विषय निघाला. सगळ्यांनी लोकेशन पाठवायला शिकून घेतलं. पुढच्याच बैठकीत एक ताई म्हणाली, "मिस्टर म्हणतात, आता लोकेशन कायमच चालू ठेव. बाजारात किती वेळ होतीस, ते मला दिसलं पाहिजे." बैठक जरा वेळ गप्प झाली. कारण जे फुलबाजारात वहिनींच्या उपयोगी पडलं, तेच इथे पायात अडकत होतं.

आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी काही गोष्टी ठरवल्या. 'या क्षणी मी कुठे आहे' असं एकदाच पाठवता येतं. 'लाइव्ह' पाठवलं तर आपण चालू तसा ठिपका चालतो, पण त्याला पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास अशी मुदत असते आणि मधेच बंदही करता येतं. रात्रीचा प्रवास, अनोळखी रिक्षा, दवाखान्याची धावपळ असली की लाइव्ह द्यावं, विश्वासाच्या माणसाला द्यावं, पोचल्यावर बंद करावं. अनोळखी ग्रुपवर घराचं लोकेशन कधीच टाकू नये. आणि आपण कुठे आहोत हे सांगणं ही आपली मर्जी असली पाहिजे. त्या ताईंच्या घरी आमच्यातल्या दोघी जाऊन बोलून आल्या. लगेच सगळं सुटलं असं म्हणणार नाही. पण आता ती बाजाराला जाताना एकदा लोकेशन पाठवते, आणि पोचल्यावर फोन करते. कायम चालू ठेवणं तिनं बंद केलं.

गावात खेळायचं असेल तर

गावात मात्र डब्याचा खेळ छान होतो. आम्ही महिला मेळाव्यात खेळलो, म्हणून अनुभवातून सांगतो.

घट्ट झाकणाचा डबा घ्या. आत वही आणि पेन्सिल ठेवा. पेन ठेवू नका, दमट हवेत शाई पसरते. टिकल्यांचं पाकीट, रिळं, भाजीच्या बियांची पुडी अशा लहान वस्तू ठेवा. खाऊ नको, मुंग्या आणि माकडं आधी पोचतात. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा, 'महिला बचत गटाचा खेळ', आणि खाली गटाचं नाव. ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा.

विहिरीचा काठ, विजेची डीपी, रस्त्याची कड, शाळेचं आवार ही ठिकाणं टाळा. बिळात, दगडांच्या फटीत हात घालायला लागेल असा डबा लपवू नका. शोधतानाही आधी काठीनं चाचपून पाहा, विंचू-सापाला आपला खेळ माहीत नसतो. कोणाच्या शेतात ठेवायचा असेल तर मालकाला विचारा, आणि देवळात ठेवायचा असेल तर गुरवाला.

चार-चार जणींचे गट करा. प्रत्येक गटात एक तरी अशी असू द्या, जिनं मोबाईलवर नकाशा कधी उघडला नाही. मोबाईल तिच्याच हातात द्या. बाकीच्यांनी तोंडानं सांगायचं, हात लावायचा नाही. हा नियम पाळला नाही तर खेळ होतो, शिकणं होत नाही.

डब्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या जागा कामाच्या निवडा. आरोग्य उपकेंद्र, रेशन दुकान, बँकेची शाखा, पाण्याची टाकी. प्रत्येक ठिकाणी थांबून आकडे वहीत लिहायचे. खेळ संपेपर्यंत गावाची एक यादी तयार होते. वाडीवस्तीवर, जिथे घर नंबर नाही, तिथल्या गरोदर बायांच्या घरांचे आकडे आशाताईंच्या वहीत त्यांच्या परवानगीनं असावेत. १०८ ला फोन केल्यावर 'पिंपळापासून डावीकडे' सांगत बसण्यापेक्षा गाडीच्या चालकाला लोकेशन पाठवता आलं तर वेळ वाचतो. रात्री पिंपळ दिसत नाही.

आणि एक काम प्रत्येकीनं घरी करावं. आपलं माहेर, आपलं शेत, आजीचं जुनं घर, आता धरणात किंवा रस्त्यात गेलेली एखादी जागा, जी तुम्हाला अजून दाखवता येते, तिथे एकदा उभ्या राहा. मोबाईलवर बोट दाबून धरा. आकडे कागदावर लिहा, शेजारी नाव लिहा, त्या जागेची दोन वाक्यं लिहा. कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. मोबाईल बिघडतो, कागद राहतो.

पुढच्या बैठकीला तो कागद घेऊन या. सगळ्यांचे कागद एकत्र वाचू. कोणाला आकडे काढायला जमलं नाही तर लाजू नका, शेजारणीला विचारा. आम्हालाही एका कॉलेजच्या मुलीनंच शिकवलं.